जोत्यातला खडा

स्वतःच्या घरात सहदेव चोरपावलांनी चालायचा. अनवाणी पायसुद्धा असा अलगद टाकायचा, की बघणाऱ्याला वाटावं खाली कोणीतरी निजलंय आणि याला त्याची झोप मोडायची नाही. ओट्यावर बसून बिडी ओढायची नाही, पान खाऊन पिंक टाकायची नाही, पहार जमिनीवर आपटायची नाही. एखादा पाहुणा दाणदाण पाय वाजवत वर चढला की याच्या कपाळाला आठी पडलीच. कल्याणजवळच्या मोहन्याहून नदीच्या काठाकाठानं वर गेलं की लागणारा तो एक लहानसा पाडा. तिथल्या लोकांना चेष्टेला काहीतरी लागतंच. ते म्हणायचे, सादेवानं घर न्हाय बांधलं, देऊळ बांधलंय. सहदेव कसनुसं हसायचा आणि आत निघून जायचा. खरं काय ते आपल्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, अशी त्याची समजूत होती.

घर त्यानं बांधलं ते भर पावसात. आता पावसाळ्यात घर कोणी बांधतं का? शहाणा माणूस होळी झाली की माती मळायला घेतो, वैशाखाच्या उन्हात भिंती खडखडीत वाळवतो आणि मृगाच्या आत छप्पर शाकारून मोकळा होतो. सहदेव काही खुळा नव्हता. त्याच्यावर वेळच तशी आली.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढल्या पावसाळ्यातली गोष्ट. आषाढात पावसानं जी धार लावली ती तुटायचं नाव घेईना. सहदेवाचं जुनं घर त्याच्या आज्यानं बांधलेलं, मातीच्या जाड भिंतींचं. मागची भिंत पाणी पिऊन पिऊन फुगली होती. सगळ्यांना ते दिसत होतं आणि लावणी उरकली की बघू असं सगळेच म्हणत होते. सहदेवाचा बाप धोंडीबा त्या दिवशी दुपारी लावणी करून घरी आला तो चिखलानं माखलेला आणि भुकेनं कळवळलेला. गंगुबाई, सहदेवाची आई, चुलीपुढे बसून फुंकणीनं फुंकून फुंकून बेजार झाली होती. लाकडं ओली, सगळा धूर, जाळ धरेना. ती वैतागून म्हणाली, जरा दम धरा, भाकरी काय हातावर भाजू?  मागच्या वळचणीखाली सुकी काटकं खोचून ठेवलेली असायची, ती आणायला धोंडीबा स्वतःच गेला. वळचणीखाली वाकला आणि भिंत त्याच्यावर आली.

भिंत गेली तसं आढं गेलं, वासे गेले, घर बसलं. गंगुबाई आणि सून मालन पुढच्या दारानं कशाबशा बाहेर पडल्या. सहदेव शेतातून धावत आला आणि त्यानं हातांनी माती उपसून बापाला बाहेर काढला. धोंडीबाच्या मुठीत काटकं तशीच होती.

नदीकाठी, पत्र्याच्या आडोशाखाली, रॉकेल ओतून ओतून कसाबसा अग्नी दिला. खांद्यावर पाण्याचा घडा घेऊन सहदेव सरणाभोवती फिरला. ज्या दगडानं त्या घड्याला भोक पाडायचं, तो दगड म्हणजे जीवखडा. मेलेल्याचा जीव दहाव्यापर्यंत त्या खड्यात वस्तीला असतो, म्हणून तो जपायचा. मात्र घरात आणायचा नाही. बाहेर झाडाला बांधून ठेवायचा, रोज त्यावर पाणी घालायचं आणि दहाव्याला नदीत सोडायचा. तो सोडला की माणूस सुटला. सहदेवानं तो खडा फडक्यात बांधला आणि पडलेल्या घराच्या अंगणात जांभळाला लटकावून ठेवला.

राहायला तर जागा नव्हती. भावकीतला आनंदा, त्यानं आपला गोठा रिकामा करून दिला, पण गोठा तो गोठाच. वरून गळायचं, खालून वाहायचं. मालन लग्नाला वर्षही न झालेली पोर, ती तापानं फणफणली. तेव्हा सहदेवानं ठरवलं की सुतक असो, पाऊस असो, घर उभं करायचं. जाणत्यांनी नाकं मुरडली. देव निजलेले, घरात सुतक, आणि हा जोतं घालतोय. आनंदा तेवढा शिव्या घालत घालत मदतीला आला.

जुन्या मातीचा भरवसा उरला नव्हता. म्हणून दोघांनी नदीच्या काठचे गोल दगड पाटीनं वाहून आणले, जांभळाखाली ढीग घातला आणि त्यांचं जोतं रचायला घेतलं. पावसानं उसंत दिली की रचायचं, सर आली की गोठ्यात पळायचं. जोत्यात पाणी साचायचं, ते घमेल्यानं उपसायचं आणि पुन्हा दगड बसवायचे.

दहाव्याच्या सकाळी सहदेव खडा घ्यायला जांभळापाशी गेला, तर फांदीला नुसतं फडकं लोंबत होतं. गाठ सुटलेली, फडकं ओलं, खडा नाही.

 खाली बघतो तर जिथे दगडांचा ढीग होता तिथे आता चार-सहा दगड उरलेले. बाकीचे सगळे जोत्यात गेले होते. वाऱ्यानं गाठ सुटली, खडा ढिगावर पडला, आणि आपणच आपल्या हातानं आपला बाप उचलून जोत्यात बसवला, वर माती ठोकली, हे त्याला एका क्षणात कळलं. निदान कळलं असं वाटलं. त्या शेकडो दगडांतला नेमका कोणता, हे आता कसं ओळखायचं? भटजी नदीवर येऊन थांबले होते. आनंदा हाका मारत होता. सहदेवानं उरलेल्यांतला एक दगड उचलला, फडक्यात बांधला आणि नदीवर नेला. पिंड ठेवले, पण त्या पावसात कावळा यायचा कुठून? शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. सहदेवानं तो परका दगड नदीत सोडला आणि हात जोडले. मान वर केली नाही. लोकांना वाटलं, पोराला बापाचं दुःख झालंय. गंगुबाई काठावर डोक्यावर पोतं घेऊन उभी होती. ती वळून न बघता चालू लागली.

घर झालं. दुसरं महायुद्ध संपल्यावर विठ्ठलवाडीकडच्या लष्करी छावणीतले जुने पत्रे कल्याणच्या भंगारवाल्यांकडे आले होते, ते सहदेव आणि आनंदानं डोक्यावरून आणले आणि आधी छप्परच चढवलं. मग छपराखाली भिंतींच्या जागी कारवीच्या काठ्यांचा कुड विणला आणि शेणमातीनं लिंपायला घेतला. पण लिंपण सुकणार कसं? सकाळी लिंपावं आणि दुपारी त्याची ढेकळं गळून खाली पडलेली दिसावीत. शेवटी घमेल्यांत शेण्या पेटवून ती भिंतींच्या कडेनं मांडली आणि घर आतून शेकलं. तो धूर, तो ओल्या मातीचा वास, आणि वर पत्र्यावर पावसाचा ताशा. डोळे पुसत पुसत सगळ्यांनी त्या घरात पहिलं पाऊल टाकलं. वास्तुशांत नाही, की पाहुणेरावळे नाहीत.

चूल मांडायची वेळ आली तेव्हा एक गोष्ट घडली. नव्या घराची चूल सवाष्णीनं मांडायची, म्हणजे ती मालननं मांडायला हवी. पण गंगुबाईनं सुनेला बाहेर बसवलं, दार ओढून घेतलं आणि स्वतः चूल घातली. पाड्यातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. रांडमुंड बाईनं नव्या घराची चूल घालायची म्हणजे काय! दुःखानं म्हातारीचं डोकं फिरलंय असं म्हणून सगळ्यांनी तो विषय सोडून दिला.

धोंडीबाची एक सवय होती. बाहेरून आला की तो उंबऱ्याशी थांबून दोनदा खाकरायचा, म्हणजे आतल्या सुनेला पदर सावरायला सवड मिळावी. नव्या घरात राहायला येऊन थोडे दिवस झाले असतील. दुपारची वेळ, पण आभाळ भरून आल्यामुळे घरात अंधारून आलेलं. सहदेव ओट्यावर दोर वळत बसला होता. आत मालन तांदूळ निवडत होती. आणि त्याच्या डोळ्यांदेखत तिनं एकदम हातातलं सूप खाली ठेवलं, पदर डोक्यावर ओढला आणि अंग चोरून भिंतीकडे सरकली. मग तिच्याच लक्षात आलं. तिनं सहदेवाकडे बघितलं, सहदेवानं तिच्याकडे.  उंबऱ्याशी दोनदा खाकरल्याचा तो आवाज सहदेवानंही ऐकला होता.

ओल्या भिंती सुकताना आवाज करतात, पत्रे तापतात आणि निवतात, हे सहदेव मनाला समजावत राहिला. पण उन्हाळा आला, भिंती सुकल्या, तरी आवाज थांबला नाही. रोज नाही, पण यायचा. सहदेवाला वाटायचं, बाप दगडांच्या ओझ्याखाली दबलाय आणि बोलावतोय. जिता असताना मातीतून वेळेवर बाहेर काढता आलं नाही, आणि मेल्यावर आपणच पुन्हा मातीत गाडला. या विचारानं त्याला खाल्लेलं अंगी लागेना. आणि सांगणार कोणाला? आईला सांगावं तर ती ऊर फुटून मरेल. तिचं तर त्या घरात मन रमलेलं दिसत होतं. दिवसभर चुलीपाशी बसायची, घास तोंडात घालायच्या आधी भाकरीचा तुकडा विस्तवात टाकायची. सगळ्याच बायका टाकतात, त्यात नवल कसलं?

मालनला पहिलं मूल झालं ते पाचवी पुजायच्या आधीच गेलं. दुसरं मेलेलंच जन्माला आलं. तेव्हा सुईण म्हणाली, अशक्तपणा आहे, पोरीला दूध-अंडं द्या. मालनला ते पटलं नाही. तिसऱ्यांदा दिवस गेले आणि सातवा लागला, तेव्हा श्रावणात एका सकाळी तिनं कपड्यांचं बोचकं बांधलं. ती मुरबाडकडची, माहेरी भाऊ होता. तिनं नवऱ्याला सरळ सांगितलं. मोठ्या आवाजात बोलायची तिला सवय नव्हती, ती तेव्हाही हळूच बोलली.

"अवो, ह्या घरात मी बालंतीन व्हनार न्हाय. मामंजी हायत हितं. तुमाला बी ठाव हाय, तुमी सांगत न्हाय. तेंना सोडवा, न्हायतर मना सोडा. पोर घेऊन मी परत यायची न्हाय."

 सहदेव कोपऱ्यातली पहार घेऊन बाहेर गेला. ज्या घरात पाच वर्षं त्यानं दाबून पाऊल टाकलं नव्हतं, त्या घराच्या जोत्यावर त्यानं पहिला घाव घातला. पाऊस कोसळत होता. ओट्याचा कोपरा फोडून त्यानं दगड उपसायला घेतले. एकेक दगड उचलायचा, पावसात धरून चिखल धुवायचा, निरखायचा आणि बाजूला ठेवायचा. सगळे सारखे. नदीनं घासून गोल केलेले, काळे, मुके. सगळं जोतं उकलावं लागलं तरी उकलीन, घर बसलं तर बसू दे, सगळे दगड नदीत टाकीन, त्यांत बाप जाईलच, असं तो स्वतःशीच पुटपुटत होता. कोपऱ्यावरचा, छप्पर पेलणारा मेढीचा खांब हलायला लागला तरी त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

गंगुबाई आतून आली आणि पावसात त्याच्यासमोर उभी राहिली. तिनं पहारीवर हात ठेवला.

"तिथं नको खनू, सादेवा. तिथं न्हाय तो."

"कोन?" सहदेवानं विचारलं.

"तुजा बा. चुलीखाली हाय."

पहार त्याच्या हातून गळून पडली. गंगुबाई फुटलेल्या ओट्याच्या कडेला बसली आणि सांगू लागली. दहाव्याच्या आदल्या दिवशी तिनंच जांभळाचं फडकं सोडलं होतं. खडा कनवटीला लावून ठेवला, आणि चूल घालताना तिच्या तळाशी पुरला. घरात खडा आणू नये हे तिला का ठाऊक नव्हतं? सगळं ठाऊक होतं. पण तो माणूस भाकरी मागत आला होता आणि तिनं त्याला दम धरायला लावला होता. तिच्याच चुलीसाठी काटकं आणायला गेला आणि उपाशी मेला. पिंडाला कावळा दर्भाचा लावला, म्हणजे तिथेही त्याच्या पोटात काही गेलं नाही.

"उपाशी मान्साला घराबाहेर कशी काढू?" ती म्हणाली. "रोज पयला तुकडा तेंना देते. अजून तेंचं पोट भरलं न्हाय, सादेवा. मना कलतं."

सहदेवानं विचारलं, मग मी नदीत दुसराच दगड सोडला तो तुला दिसला नव्हता? दिसला, ती म्हणाली, आणि तूही काही बोलला नाहीस. मायलेक एका छपराखाली पाच वर्षं एकच गोष्ट पोटात घेऊन राहिले होते, एकमेकांपासून लपवत. सहदेवाला संतापही आला आणि रडूही आलं. आपण जोत्यावर पाय दाबला नाही, आणि बाप तिकडे चुलीखाली. दोन पोरं गेली तेव्हा तरी बोलायचंस, असं तो ओरडला. गंगुबाई ठामपणे म्हणाली की धोंडीबा नातवंडांना नेणार नाही, तसला माणूसच नव्हता तो.

एवढ्यात तिची नजर दाराकडे गेली. मालन चौकटीला धरून उभी होती, दुसरा हात पोटावर. तिनं सगळं ऐकलं होतं.  ती सासूकडे नुसती बघत राहिली. गंगुबाईनं त्या पोटाकडे बघितलं, आणि बराच वेळ बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"एक भाकरी टाकते," ती म्हणाली. "मग मोडते."

तिनं पीठ मळलं, जाळ सारखा केला आणि एकच भाकरी थापली. सहदेव आणि मालन ओल्या अंगानं भिंतीला टेकून बसले होते. भाकरी टम्म फुगली. तशी सुरेख भाकरी गंगुबाईच्या हातची सहदेवानं आयुष्यात पुष्कळ वेळा खाल्ली होती, पण त्या दिवशी तिच्याकडे बघवेना. तिनं ती उतरवून पदरात घेतली, विस्तवावर पाणी ओतलं आणि विळ्यानं चूल फोडली. खाली हातभर खोल, धोंडीबाच्या कफनाच्या चिंधीत गुंडाळलेला खडा होता. चिंधी करपून तपकिरी झालेली. सहदेवानं तो हातात घेतला तर गरम होता. वर विस्तव जळत होता, गरम असणारच, पण त्याला हात मागे घ्यावासा वाटला नाही.

मायलेक पावसात नदीवर गेले. पाणी दुथडी भरून तांबडं वाहत होतं. गंगुबाईनं भाकरी आणि खडा एकाच फडक्यात बांधले, लेकाला पुढे येऊ दिलं नाही, कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि हात सोडला. रडली नाही. 

नवी चूल मालननं घातली. ओट्याचा कोपरा आनंदानं पुन्हा बांधून दिला, शिव्या घालत घालतच. घर शांत झालं. पोर झालं, मुलगा, आणि तो जगला. पाचवी झाली, बारसं झालं, तो पालथा पडला, रांगायला लागला. मालनच्या अंगावर मांस आलं. सहदेव ओट्यावर बसून बिडी ओढू लागला आणि पाड्यातल्यांचा एक विषय संपला.

गंगुबाई मात्र नदीवरून आली ती घरात गेलीच नाही. अंगणापलीकडे सहदेवानं लहानसा गोठा बांधला होता, त्यात गाईशेजारी तिनं घोंगडी टाकली. आधी वाटलं, राग आहे, जाईल. सहदेवानं हात धरून आणू बघितलं, मालननं पाया पडून विनवलं. गंगुबाईचा राग नव्हताच. नातवाला ती मांडीवर घेऊन न्हाऊ घालायची, गाणी म्हणायची, पण अंगणात. जोत्यावर पाय ठेवायची नाही. मला आता त्या घरात कोणी नाही, एवढंच म्हणायची. लेक, सून, नातू समोर असताना म्हणायची. सहदेवाला ते काट्यासारखं बोचायचं. हळूहळू तिचं जेवण तुटत चाललं. ताट जसंच्या तसं परत येई. भुकेल्या माणसाला पाठवून दिलं, आता माझ्या घशाखाली कसं उतरेल, असं तिनं एकदा मालनला सांगितलं.

पुढच्या आषाढात एका संध्याकाळी सहदेव पोतं पांघरून ताट घेऊन गोठ्यात गेला. म्हातारी वाळून काटकी झाली होती. तिनं ताटाकडे बघितलं नाही. घराकडे, पावसापलीकडच्या त्या मिणमिणत्या दाराकडे बघत तिनं विचारलं, "सादेवा, खरं सांग. येत्यात का रं ते कदी?"

घरात वर्षभर काही वाजलं नव्हतं. दुपारच्या अंधारात मालननं एकदाही पदर ओढला नव्हता. सहदेवाला हे जितकं पक्कं ठाऊक होतं तितकं दुसरं काहीच नव्हतं, कारण तो रोज कान देऊन ऐकत असे आणि काही ऐकू आलं नाही की त्याला सुटल्यासारखं वाटे.

"येत्यात," तो म्हणाला. "आज बी आलेले. चुलीपाशी बसलेले."

"काय खाल्लं का?"

"खाल्लं, आये. भाकरी खाल्ली."

गंगुबाईनं त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं. तिला कळलं की नाही, हे सहदेवाला कधीच समजलं नाही. तिनं ताट पुढे ओढलं आणि एक तुकडा मोडला. दुसऱ्या दिवशी तिनं तेच विचारलं आणि त्यानं तेच सांगितलं. ज्या माणसाला घरातून सोडवण्यासाठी त्यानं जोतं फोडायला घेतलं होतं, त्याला तो आता रोज संध्याकाळी आपल्या तोंडानं घरात आणून बसवत होता. काय खाल्लं, किती खाल्लं, भाजीला मीठ बरोबर होतं का, सगळं सांगत होता. ताट रिकामं झालं की ते उचलून तो अंगण ओलांडायचा, आणि ओट्यावर चढताना त्याचं पाऊल पुन्हा हळू पडू लागलं होतं.